कपाटातली खाण

तुटलेली साखळी, चेपलेल्या बांगड्या, जोडीतले एक हरवलेले कर्णफूल असे मोडीचे सोने सोनाराच्या काट्यावर गेले की घरोघरी एकच शंका निघते. सोने गंजत नाही, सडत नाही, आगीत जळत नाही. तरीही मोडीला दिलेल्या दागिन्याचे जेवढे वजन भरते, तेवढ्या शुद्ध सोन्याचे पैसे हाती येत नाहीत, मध्ये ‘घट’ धरली जाते. ही घट नेमकी कशाची, आणि ती ठरवतो कोण? याच्या शेजारी दुसरे एक कोडे ठेवावे लागते. सातारा जिल्ह्यातील माण आणि खटाव, सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ आणि तासगाव या तालुक्यांत सोन्याची एकही खाण नाही, तरी देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी शुद्ध करणारी जी दुकाने दिसतात, त्यांतील असंख्य दुकानांचे मालक नेमके याच तालुक्यांतले असतात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ज्या व्यवसायात आहे त्याला गलाई म्हणतात. जुने दागिने, कारखान्यातील कचरा आणि मिश्र धातू वितळवून त्यांतून चोख सोने आणि चोख चांदी वेगळी काढून देणे, हे त्याचे काम.

जमिनीत नाही, घरात आहे

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तयार झालेल्या बेसाल्ट खडकावर वसलेले आहेत. भारतात खाणीतून मिळालेले सोने मुख्यतः त्याहून कितीतरी जुन्या खडकांतले, कर्नाटकातील कोलार आणि हट्टी यांसारख्या ठिकाणांचे आहे. त्यांपैकी कोलारची खाण तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेल्यानंतर २००१ साली बंद करण्यात आली. आज देशातल्या खाणींतून वर्षाकाठी निघणारे सोने मोजक्या टनांत मोजावे लागते, तर परदेशातून येणारे सोने शेकडो टनांच्या घरात असते.

मात्र पिढ्यानपिढ्या विकत घेतलेले सोने संपत नाही. ते पाटल्या, मोहनमाळ, ठुशी, बोरमाळ अशा रूपांत घराघरांत साठत जाते. भारतीय कुटुंबांकडे असलेल्या सोन्याचा अंदाज सुमारे २५,००० टन इतका सांगितला जातो, आणि तो स्थूल धरला तरी देशातली सर्वांत मोठी सोन्याची शीर भूगर्भात नसून कपाटांत आणि लॉकरांत आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते. या शिरेतले सोने लग्नसराईत नवा दागिना घडवताना, अडीअडचणीत किंवा भाव चढल्यावर मोडीच्या रूपाने वर येते आणि ते वापरण्याजोगे करण्याचे काम गलाई कारागीर करतो. खाणकामाशी त्याचे नाते किती जवळचे आहे, ते समजण्यासाठी सोन्याच्या शोधाचा इतिहास जिथे चालता-बोलता मांडला आहे, अशा एका ठिकाणाकडे पाहणे सोयीचे ठरते.

बॅलरॅटचे उघड्यावरचे संग्रहालय

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील बॅलरॅट येथे १८५१ साली सोने सापडले आणि जगभरातून माणसांचे लोंढे तिकडे वाहू लागले. नव्याने सापडलेल्या सोन्यामागे अशी जी एकच झुंबड उडते तिला सुवर्णधाव म्हणतात. व्हिक्टोरियाची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ७७ हजार होती, ती पुढच्या दहा वर्षांत पाच लाखांच्या पुढे गेली. त्या काळाची आठवण म्हणून १९७० साली तेथे ‘सॉव्हरिन हिल’ हे संग्रहालय सुरू झाले. ते काचेच्या पेटीतल्या वस्तूंचे दालन नाही. उघड्या जागेवर त्या काळची वसाहत, दुकाने, चिनी मजुरांची छावणी, खाण आणि वाफेची यंत्रे उभारलेली आहेत, आणि तत्कालीन पोशाखातील माणसे ती कामे प्रत्यक्ष करून दाखवतात. अशा संग्रहालयाला जिवंत इतिहासाचे संग्रहालय म्हणतात. उघड्यावरच्या संग्रहालयांची परंपरा १८९१ साली स्टॉकहोममध्ये सुरू झालेल्या ‘स्कान्सेन’पासून मोजली जाते. सांगलीकरांना जवळचे उदाहरण हवे असेल तर कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावरील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. तिथेही बारा बलुतेदारांचे गाव उघड्यावर उभे आहे, फरक एवढाच की तेथील सोनार, कुंभार आणि लोहार पुतळ्यांच्या रूपात आहेत.

सॉव्हरिन हिलमध्ये फिरणाऱ्या माणसाला सोन्याचा प्रवास तीन टप्प्यांत दिसतो. पहिल्या टप्प्यात ओढ्याच्या काठी बसून पसरट तव्यासारख्या भांड्यात वाळू खळखळवायची आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण शोधायचे. या ओढ्यात संग्रहालयानेच सोन्याचे बारीक कण टाकलेले असतात आणि ज्याला सापडले त्याने ते घरी न्यायचे असतात. दुसऱ्या टप्प्यात जमिनीखालच्या बोगद्यात उतरायचे, जिथे १८५८ साली बॅलरॅटमध्ये सापडलेल्या सुमारे ६९ किलो वजनाच्या ‘वेलकम’ नावाच्या सोन्याच्या गोळ्याची हकिगत सांगितली जाते. तिसऱ्या टप्प्यात मुशीतले वितळलेले सोने साच्यात ओतून त्याची लगड करून दाखवतात आणि पुढच्या प्रेक्षकांसाठी तीच लगड पुन्हा वितळवतात. वाळू धुणे, वितळवणे आणि लगड पाडणे ही बॅलरॅटमध्ये खेळ म्हणून होणारी कामे गलाईच्या दुकानात पोटासाठी रोज होतात. तव्याने धुऊन सोने वेगळे होते ते का, आणि मुशीत वितळवूनही ते शुद्ध का होत नाही, हे आता पाहता येईल.

जडपणाचा उपयोग

एक घन सेंटिमीटर साध्या वाळूचा खडा सुमारे २.६५ ग्रॅम भरतो, तर तेवढ्याच आकाराचे सोने १९.३ ग्रॅम भरते. म्हणजे आकारमान सारखे असताना सोने वाळूच्या सातपटीहून जड आहे. भांड्यात पाणी घेऊन ते गोल हलवले की हलके कण पाण्याबरोबर उचलले जातात आणि काठावरून वाहून जातात, तर सोन्याचा कण बारीक असूनही तळाच्या कडेला चिकटून राहतो. यात कोणतेही रसायन लागत नाही. लागतो तो मनगटाचा सराव, कारण पाणी जोरात फिरवले तर सोनेही वाहून जाते आणि हळू फिरवले तर वाळू जात नाही.

महाराष्ट्रात हेच तंत्र सोनाराच्या उंबऱ्याशी वापरले गेले. दागिना घासताना, कापताना आणि चकाकी देताना सोन्याचा कीस उडतो आणि तो जमिनीवरच्या धुळीत, पाटाच्या फटींत, हात धुतलेल्या पाण्यात आणि शेगडीच्या राखेत मिसळतो. म्हणूनच सोनाराच्या दुकानातला केर उकिरड्यावर जात नाही. हा केर आणि राख विकत घेऊन धुणाऱ्यांना मराठीत झारेकरी म्हणतात, आणि सराफ बाजारांत त्यांची एक वेगळी परंपरा आहे. केर आधी जाळून कागद, लाकूड आणि चिंध्या नाहीशा करायच्या, राहिलेल्या राखेतून लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस उचलायचा, मग राख चाळून, पाण्यात घोळून जड भाग तळाशी आणायचा आणि तो मुशीत घालायचा, असा हा क्रम आहे. बॅलरॅटचा खाणकामगार निसर्गाने विखुरलेले सोने गोळा करीत होता, झारेकरी माणसाने सांडलेले सोने गोळा करतो. दोघांच्या हातातली क्रिया मात्र तीच आहे.

मुशीत काय होते आणि काय होत नाही

मूस म्हणजे प्रखर उष्णता सोसणारे, चिकणमाती आणि ग्राफाइट यांच्या मिश्रणाचे पेल्यासारखे भांडे. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी ९६२ अंशांना आणि तांबे १०८५ अंशांना. पूर्वी कोळशाच्या भट्टीला भात्याने वारा घालून ही उष्णता मिळवत. आता गॅसची किंवा विजेची भट्टी असते. मुशीत मोडीबरोबर सवागी, म्हणजे टाकणखार घालतात. सवागी वितळून काचेसारखी पातळ होते आणि धातूंवरची जळकट पुटे, माती आणि मळ स्वतःत विरघळवून घेते. हा मळ हलका असल्यामुळे वर तरंगतो आणि शुद्ध होऊ घातलेला धातू खाली राहतो.

घरोघरच्या शंकेचे पहिले उत्तर इथेच मिळते. पोकळ दागिन्यात भरलेली लाख जळून जाते, खडे आणि मोती आधीच काढावे लागतात, सांध्यांत साचलेला मळ आणि घाम सवागीत जातो. मूस थंड झाल्यावर जे वजन भरते ते त्यामुळे आधीपेक्षा कमी असते. पण हे झाले मळाचे. खरी घट त्यापुढची आहे. दागिना कधीच निव्वळ सोन्याचा नसतो, कारण शुद्ध सोने इतके मऊ असते की त्याची नाजूक कडी वापरात वाकते आणि नक्षी झिजते. म्हणून सोन्यात तांबे आणि चांदी मिसळतात. सोन्याची शुद्धता २४ भागांत मोजण्याची जी पद्धत आहे तिला कॅरट म्हणतात. २२ कॅरट म्हणजे २४ पैकी २२ भाग सोने, शेकड्यात ९१.६, आणि १८ कॅरट म्हणजे शेकड्यात ७५.

हे मिसळलेले तांबे आणि चांदी केवळ वितळवून वेगळी होत नाहीत. हे तिन्ही धातू वितळल्यावर एकमेकांत पूर्ण विरघळतात आणि थंड होतानाही आपोआप सुटे होत नाहीत, त्यामुळे चांदी आधी वितळते म्हणून ती आधी ओतून घेता येत नाही. उष्णता जिथे थांबते तिथून रसायनाचे काम सुरू होते, आणि गलाईचे खरे कसब त्यात आहे.

शुद्धीसाठी आधी भेसळ

नायट्रिक आम्ल, ज्याला बाजारात तेजाब म्हणतात, ते चांदी आणि तांबे विरघळवते, सोन्याला मात्र हात लावत नाही. तेव्हा मोडीची लगड तेजाबात बुडवली की काम झाले, असे वाटेल. प्रत्यक्षात १८ किंवा २२ कॅरटची लगड तेजाबात ठेवली तर वरवरचा थर सोडल्यास फारसे काही घडत नाही. कारण सोन्याचे अणू बहुसंख्य असल्यामुळे आतल्या चांदीच्या आणि तांब्याच्या अणूंभोवती त्यांचे कडे पडलेले असते आणि आम्ल आतपर्यंत पोहोचतच नाही. थिजलेल्या तुपाच्या गोळ्यात साखरेचे चार दाणे असतील तर गोळा पाण्यात ठेवूनही ते विरघळणार नाहीत. पण साखर इतकी असेल की दाण्याला दाणा लागलेला आहे, तर बाहेरचा दाणा विरघळताच पाण्याला आतल्या दाण्याची वाट मिळेल आणि शेवटी नुसते सच्छिद्र तूप उरेल.

म्हणून गलाई कारागीर सोने शुद्ध करण्याआधी त्यात मुद्दाम आणखी चांदी मिसळतो आणि सोन्याचा वाटा एकूण वजनाच्या सुमारे चौथाईवर आणतो. समजा, १८ कॅरटची १०० ग्रॅम मोड आली. तिच्यात सोने ७५ ग्रॅम आणि इतर धातू २५ ग्रॅम आहेत. ७५ ग्रॅम हा चौथा भाग व्हायचा तर एकूण वजन ३०० ग्रॅम हवे, म्हणजे २०० ग्रॅम चांदी वरून घालावी लागते. हे मिश्रण वितळवून पाण्यात धारेने ओतले की त्याचे दाणे पडतात. दाण्यांमुळे आम्लाला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. दाणे तेजाबात टाकून तापवले की तांबूस-तपकिरी धूर निघतो, तांबे आणि चांदी द्रावणात जातात, आणि तळाशी सोन्याची तपकिरी भुकटी उरते. ही भुकटी नवख्या माणसाला मातीसारखी दिसते; तिच्यात पिवळेपणा नसतो, चकाकी नसते. ती पाण्याने वारंवार धुऊन, वाळवून सवागीबरोबर पुन्हा मुशीत वितळवली की मग पिवळी लगड पडते.

याहून अधिक शुद्धता हवी असेल तर उलट मार्ग धरतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचे तीन भाग आणि नायट्रिक आम्लाचा एक भाग यांचे मिश्रण, म्हणजे अम्लराज, हे एकेकटे न जमणारे काम एकत्र येऊन करते आणि सोन्यालाच विरघळवते; चांदी मात्र न विरघळणाऱ्या पांढऱ्या क्षाराच्या रूपात मागे राहते. द्रावण गाळून घेऊन त्यात योग्य रसायन घातले की शुद्ध सोने पुन्हा भुकटीच्या रूपात खाली बसते.

चांदी वाया जात नाही

वर घातलेली २०० ग्रॅम चांदी गमवायची असती तर हा व्यवसाय एक दिवसही चालला नसता. तेजाबात विरघळलेली चांदी डोळ्यांना दिसत नसली तरी द्रावणात शाबूत असते, आणि ती परत मिळवण्यासाठी त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडतात. तांबे चांदीपेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते स्वतः द्रावणात उतरते आणि चांदीला बाहेर काढते. पट्टीवर करड्या रंगाचा भुसभुशीत थर चढू लागतो आणि द्रावण निळे होत जाते. साधारण ३० ग्रॅम तांबे खर्ची पडले की १०० ग्रॅम चांदी हाती येते. ही चांदी धुऊन वितळवली की पुढच्या मोडीत मिसळायला तयार होते. गलाईचा नफा अशा फेऱ्यांवर, आणि द्रावणाचा थेंब, मुशीचा जुना तुकडा, भट्टीची राख यांतला कणही न सोडण्यावर उभा असतो.

या कामाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे. बोळातल्या छोट्या खोलीत, धुराडे आणि पंखे यांची नीट सोय नसताना वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्याच्या प्रकृतीवर त्याचा परिणाम होतो, आणि तांबे मिसळलेले आम्लयुक्त पाणी तसेच गटारात गेले तर ते वस्तीलाही बाधते.

कस, टंच आणि यंत्र

सोने किती शुद्ध झाले, म्हणजे त्याचा टंच किती, हे ठरवण्याची सर्वांत जुनी रीत कसोटीची आहे. कसोटी म्हणजे गुळगुळीत काळा दगड. त्यावर सोने घासले की उमटणाऱ्या रेघेला कस म्हणतात. तिच्याशेजारी माहितीतल्या शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढून दोन्हींवर आम्लाचा थेंब लावतात, आणि कोणती रेघ किती फिकी पडते यावरून अंदाज बांधतात. अधिक अचूक उत्तर हवे तर नमुना शिशाबरोबर सच्छिद्र वाटीत तापवतात. शिसे आणि तांबे यांसारखे हलक्या प्रतीचे धातू वाटीत शोषले जातात, मागे सोने-चांदीचा मणी उरतो, आणि त्यातली चांदी तेजाबाने काढली की सोन्याचे नेमके वजन कळते. आता बहुतेक बाजारांत क्ष-किरणांच्या साहाय्याने दागिना न मोडता शुद्धता सांगणारी यंत्रे आली आहेत. मात्र ती मुख्यतः वरच्या थराचे वाचन करतात, त्यामुळे मुलामा दिलेल्या वस्तूबाबत वितळवून घेतलेला नमुनाच अधिक भरवशाचा ठरतो.

थोडक्यात

- मोडीतली घट दोन प्रकारची असते: मळ, लाख आणि खडे यांची, आणि मिसळलेल्या तांब्या-चांदीची.
- धुळीतले सोने त्याच्या जडपणामुळे पाण्याने वेगळे होते.
- एकजीव झालेले धातू नुसते वितळवून वेगळे होत नाहीत, त्यासाठी आम्ल लागते.
- आम्लाला आत वाट मिळावी म्हणून आधी चांदी मिसळून सोने चौथाईवर आणतात.
- विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्यांनी परत मिळते.

माणदेशातून देशभर

हे कसब सोनारकीचा वारसा नसलेल्या शेतकरी कुटुंबांनी का उचलले, याचे उत्तर पावसाच्या नकाशात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात त्याचा दहावा हिस्साही अनेकदा पदरात पडत नाही, कारण ढग डोंगरमाथ्यावरच रिते होऊन पुढे येतात. माण-आटपाडीकडचा माणदेश आणि खानापूरचा घाटमाथा या पर्जन्यछायेत येतात. एका पावसावरची ज्वारी-बाजरी आणि शेळ्या-मेंढ्या यांवर वाढत्या कुटुंबाचे भागत नव्हते, तेव्हा घरातल्या एखाद्याने बाहेर पडणे भागच होते.

बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी गलाईची विद्या आत्मसात केली आणि मग ती साखळीने पसरली. गावचा मुलगा चुलत्याच्या किंवा मामाच्या दुकानात हाताखाली जायचा, भट्टी पेटवणे आणि राख धुणे यांपासून सुरुवात करून काही वर्षांत टंच काढायला शिकायचा, आणि मग जवळच्या दुसऱ्या बाजारपेठेत स्वतःचे दुकान टाकायचा. पुढे त्याच्या हाताखाली गावातला आणखी एक मुलगा यायचा. या पद्धतीने केरळ, तमिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश, बिहार अशा दूरदूरच्या प्रांतांतील सराफ बाजारांत खानापूर तालुक्यातील विटा आणि त्याच्या परिसरातील कुटुंबे स्थिरावली. नात्यागोत्याच्या या जाळ्याला व्यवहारातही अर्थ होता. सराफ ज्या माणसाकडे लाखोंचे सोने सोपवतो, त्याच्या हातून वितळताना ते चार गुंजा कमी झाले तर बाहेरून कळण्याचा मार्ग नसतो. अशा वेळी ‘हा अमक्याचा पुतण्या’ ही ओळख हीच हमी होती, आणि एकाचे नाव खराब झाले तर ते सर्वांना बाधत असल्यामुळे ती हमी पाळलीही जात असे.

सरकारी धोरणांनीही या व्यवसायाचे चढउतार घडवले. १९६३ साली नवे दागिने १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे करण्यास मनाई झाली, १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला सोन्याच्या लगडी बाळगण्यास बंदी केली, आणि १९९० साली हा कायदा रद्द झाल्यावर बाजार मोकळा झाला. जून २०२१ पासून हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत शिक्का, टप्प्याटप्प्याने सक्तीचे होत गेले, आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांकही आवश्यक ठरला. ओळखीच्या हमीची जागा अशा रीतीने शिक्क्याने घेतली. मोठे शुद्धीकरण कारखानेही उभे राहिले, आणि छोट्या दुकानाला आता वेग, विश्वास आणि जवळीक यांच्या बळावर टिकावे लागते.

विट्यात काय दाखवता येईल

बॅलरॅटची सुवर्णधाव काही दशकांत ओसरली, म्हणून तिचे संग्रहालय करावे लागले. खानापूर-आटपाडीची धाव वेगळ्या जातीची आहे: ती सोन्याच्या शोधात नव्हे, तर दुष्काळापासून दूर निघालेली होती, तिच्यात एका रात्रीत कोणी धनवान झाला नाही, आणि ती अजून थांबलेली नाही. टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी या पट्ट्यात आणल्यावर द्राक्ष-डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या आहेत, आणि परप्रांतात वाढलेली पुढची पिढी भट्टीपुढे बसेलच असे नाही. त्यामुळे जुनी भट्टी, भाता, कसोटी आणि झारेकऱ्याचे तसराळे हाताळणारी माणसे हयात आहेत तोवर विट्यासारख्या गावी असे उघड्यावरचे संग्रहालय उभारणे शक्य आहे. तेथे आम्लाचा भाग काचेआड आणि पुरेशा वायुवीजनात ठेवावा लागेल. पण केर धुणे, मूस ओतणे आणि कस लावणे ही कामे पाहणाऱ्याच्या हाती देता येतील. बॅलरॅटपेक्षा एक गोष्ट तेथे जास्त असेल: काम करून दाखवणाऱ्याला जुन्या काळाचा पोशाख चढवावा लागणार नाही, कारण ते काम त्याने आयुष्यभर केलेले असेल.